कोणता नियम, कधी
लेखन शिकवणाऱ्यांसाठी प्रस्तावना

कुंभकोणमपासून थोड्या अंतरावर, तंजावर जिल्ह्याच्या पापनाशम तालुक्यात तिरुक्करुगावूर नावाचे गाव आहे. गर्भरक्षांबिकेच्या देवळामुळे ते दूरवर ठाऊक आहे. मूल व्हावे, बाळंतपण सुखरूप पार पडावे म्हणून तिथे नवस बोलले जातात. लेखन शिकवणाऱ्याने या गावाकडे पाहावे ते आणखी एका कारणासाठी. सातव्या शतकातल्या दोन थोर शैव संतकवींनी, अप्पर आणि संबंदर यांनी, इथल्या शिवावर पदे रचली. संबंदरांच्या बहुतेक पदांचा साचा ठरून गेलेला आहे. साधारण अकरा कडवी. आठव्यात रावणाचे गर्वहरण, नवव्यात ब्रह्मा-विष्णूंना न लागलेला शिवाचा थांग, दहाव्यात जैन-बौद्धांवर टीका, शेवटच्या कडव्यात कवीचे नाव आणि फलश्रुती. शेकडो गावांवर त्यांनी असे लिहिले. तिरुक्करुगावूरच्या पदात तर प्रत्येक कडवे देवाच्या अग्निवर्णावरच येऊन थांबते. कवीला दर वेळी त्याच मुक्कामाला नव्या वाटेने पोहोचावे लागते, आणि त्या वाटांवर या गावचा मोगरा-जाईचा रानवास भेटतो. अप्परांनी याच देवासाठी अगदी वेगळे वृत्त निवडले. देव एक, गाव एक, दोन चौकटी, आणि दोन कविता ज्यांची कुणी गल्लत करणार नाही.

नियम आणि निर्मिती यांचे वैर आहे असे मानणाऱ्याला हे एक उदाहरण पुरेसे उत्तर वाटेल. पण मला ते तेवढ्यावर सोडायचे नाही, कारण त्याला एक रास्त आक्षेप आहे. संबंदरांनी चौकट स्वतः उचलली होती. भाषा त्यांच्या हातात आधीच होती. पाचवीतल्या मुलावर नियम वरून येतो, तो त्याने निवडलेला नसतो, आणि पुष्कळदा तो त्याची चूक दाखवण्यापुरताच येतो. चौकटीमुळे कवीला बळ मिळते हे खरे असले, तरी तीच गोष्ट तांबड्या शाईने रंगलेल्या वहीबद्दल म्हणता येत नाही. म्हणून व्याकरण किती आणि स्वातंत्र्य किती, असा तराजूचा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. आपण ज्याला एका दमात ‘नियम’ म्हणतो, त्यात निदान तीन निरनिराळ्या गोष्टी कोंबलेल्या आहेत. त्या सुट्या केल्या, की कोणती केव्हा शिकवायची हे बरेचसे आपोआप उलगडते. या प्रस्तावनेचे म्हणणे एवढेच आहे.

पहिली गोष्ट म्हणजे वाक्याची घडण. मराठी घरात वाढलेले पाच वर्षांचे मूल ‘मी आंबा खाल्ला’, ‘मी पोळी खाल्ली’, ‘मी आंबे खाल्ले’ असे बिनचूक बोलते. खाणारे तेच, पण क्रियापद खाल्लेल्या वस्तूच्या लिंगवचनाप्रमाणे फिरते. पुस्तकात याला कर्मणी प्रयोग म्हणतात आणि मोठ्या मुलांना तो पाठ करताना घाम फुटतो. त्या लहान मुलाने तो कुणी न शिकवता आत्मसात केलेला असतो. दुसरी गोष्ट लेखनाची रूढी: ऱ्हस्व कुठे, दीर्घ कुठे, अनुस्वार कुठे. तिसरी गोष्ट प्रमाण बोलीची निवड: ‘होती’ की ‘व्हती’, ‘नदीकडे’ की ‘नदीकडं’. शाळेत या तिन्हींना एकाच शुद्धतेच्या नावाखाली उभे केले जाते आणि तिन्हींना एकाच रंगाची शाई लागते.

त्याने काय होते ते एका वाक्यावर पाहू. पुरावर निबंध लिहायला सांगितला आहे आणि एका मुलीने लिहिले आहे असे समजा: ‘आमच्या गावात पानी शिरलं तवा आजी नुसती नदीकडं बघत व्हती.’ नेहमीच्या तपासणीत इथे पाच खुणा होतील: पानी, शिरलं, तवा, नदीकडं, व्हती. पाचही खुणा दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारातल्या आहेत. पहिल्या प्रकारात या वाक्यात एकही चूक नाही. उलट तिथे मुलीने जे केले आहे ते अनुभवी लेखकाला शोभेल असे आहे. पाणी शिरणे ही घडून संपलेली गोष्ट, म्हणून ‘शिरलं’. आजीचे पाहणे मात्र चालूच, म्हणून ‘बघत व्हती’. एका बाजूला झपाट्याने घडून गेलेले, दुसऱ्या बाजूला न संपणारे, आणि दोन्ही एका वाक्यात समोरासमोर. त्यात ‘नुसती’ हा शब्द आजीचा हतबलपणा सांगतो, आणि तोही आजीच्या लिंगाप्रमाणे व्यवस्थित चालवला आहे. वर्गातली बाकीची मुले ‘पूर ही नैसर्गिक आपत्ती आहे’ असे शुद्ध वाक्य लिहीत असताना या मुलीने गावातले एक माणूस निवडले आणि त्याला पाहत उभे केले. तिची वही पाच खुणा घेऊन परत जाते आणि ‘नैसर्गिक आपत्ती’वाल्याची कोरी राहते. पुढच्या खेपेला ती मुलगीही नैसर्गिक आपत्तीच लिहील. तिने चूक सुधारली असे आपण समजू. खरे तर तिने लिहिणे थांबवलेले असते.

दुसऱ्या प्रकारच्या नियमांचे वजन किती मानावे, यासाठी तंजावरकडे पुन्हा वळायला हवे. १६७६ च्या सुमारास एकोजी भोसल्यांनी तंजावर घेतले आणि १८५५ मध्ये इंग्रजांनी राज्य खालसा केले. या पावणेदोनशे वर्षांत तिथला मराठी कारभार बव्हंशी मोडीत लिहिला गेला. सरस्वती महाल ग्रंथालयात त्या कागदांची बाडे आजही आहेत. मोडीत ऱ्हस्व आणि दीर्घ वेगळे दाखवण्याची सोय सहसा नव्हती. महसुलाचे हिशेब, देवळांच्या नेमणुका, तक्रारी, हुकूम असे सारे त्या भेदावाचून लिहिले आणि वाचले गेले, आणि कुणाचे कुणाला कळेनासे झाले नाही. याच दरबाराने १८०३ मध्ये बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास कोरवला तो मात्र देवनागरीत. कायमचे आणि सर्वांसाठी लिहायचे तेव्हा एक लिपी, रोजच्या घाईसाठी दुसरी. लेखनाची रूढी प्रसंगाप्रमाणे बदलते हे त्या कारकुनांना कुणी समजावून सांगावे लागले नव्हते.

आपल्या आजच्या नियमांचेही वय फार नाही. मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम १९६२ मध्ये शासनमान्य झाले, १९७२ मध्ये आणखी चार जोडले गेले. त्याआधी शिकलेल्या पिढीने न उच्चारले जाणारे अनुस्वार घोटून घोटून पाठ केले होते. ते एका निर्णयाने गेले आणि मराठी त्यामुळे दुबळी झाली असे आज कुणी म्हणत नाही. या अठरा नियमांतली एक गोष्ट शिक्षकांच्या नजरेतून नेहमी निसटते. पात्राच्या तोंडची भाषा उच्चाराप्रमाणे लिहायला हेच नियम मुभा देतात, आणि केशवसुतांपूर्वीचे पद्य व विष्णुशास्त्री चिपळूणकरांपूर्वीचे गद्य मुळाबरहुकूम छापावे असेही सांगतात. म्हणजे नियम करणाऱ्यांना आपल्या नियमांची हद्द ठाऊक होती. वर्गातला नियम तेवढा बेहद्द झाला.

इथे पहिला मोठा आक्षेप येतो आणि तो हलका नाही. कुणी म्हणेल, ऱ्हस्व-दीर्घ ही रूढी असेल, प्रमाण बोली ही निवड असेल, पण स्पर्धा परीक्षेत, वृत्तपत्राच्या कचेरीत, न्यायालयात त्या रूढीवरच माणूस तोलला जातो. ज्यांच्या घरी प्रमाण मराठी आधीच बोलली जाते त्यांना ती फुकट मिळते. शाळेने सैल सोडले तर नुकसान त्या पाच खुणा मिळवणाऱ्या मुलीचेच. हे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे, आणि म्हणूनच प्रमाण लेखन शिकवू नये असे मी म्हणत नाही. ते सर्वांना, निश्चितपणे आणि नीट शिकवले पाहिजे. प्रश्न आहे तो ते कशाच्या रूपात पुढे येते याचा. महात्मा फुल्यांचे ‘गुलामगिरी’ १८७३ मध्ये आले. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी पुढच्या वर्षी सुरू केलेल्या निबंधमालेतून फुल्यांच्या लेखनावर टीका केली, तेव्हा त्यांच्या भाषेच्या अशुद्धतेवर यथेच्छ कोरडे ओढले. फुले जे मांडत होते त्याला उत्तर देण्याचे काम त्यामुळे टळले. व्याकरणाचा असा वापर आपल्या वाङ्मयाच्या इतिहासात एकदाच झाला असे समजू नये. शिक्षक जेव्हा मुलाच्या म्हणण्याकडे न पाहता आधी त्याच्या ‘व्हती’कडे पाहतो, तेव्हा तेच लहान प्रमाणावर घडते. प्रमाण मराठी ही आणखी एक बोली म्हणून, अनेकांपर्यंत पोहोचण्याची सोय म्हणून समोर आली, तर मूल ती घेते. घरच्या भाषेवरचा निकाल म्हणून आली, तर ते एक तर गप्प बसते किंवा घरच्यांची लाज बाळगायला शिकते.

खुद्द कुंभकोणम-तंजावरच्या मराठी घरांचा दाखला इथे उपयोगी आहे. या घरांतली मुले शाळेत तमिळ आणि इंग्रजी शिकतात. मराठी राहते ती घरात, तमिळ-तेलुगू-कन्नड शब्द सामावून घेत, पुण्याच्या क्रमिक पुस्तकांशी काही संबंध न ठेवता. ती पिढ्यान्‌पिढ्या टिकली आहे. ज्या भाषेला नियमच नाहीत ती इतकी टिकत नाही. तिचे नियम आहेत, ते फक्त कुणी छापून शिकवलेले नाहीत. बहिणाबाई चौधरींनाही अक्षरओळख नव्हती. त्यांची कविता १९५२ मध्ये पुस्तकरूपाने आली तेव्हा ती नियम मोडणारी म्हणून वाखाणली जाण्याचा धोका होता, आणि आजही कुणी तसे म्हणते. त्यांनी काहीच मोडले नव्हते. खानदेशी बोलीचे नियम आणि ओवीची चाल त्यांनी काटेकोर पाळली. मोडले असेल तर ते फक्त प्रमाणाबद्दलचे आपले गृहीत.

मग पहिल्या प्रकारच्या नियमांचे काय? मुलाला ते येतातच, तर शाळेने त्यांना हातच लावू नये का? दुसऱ्या बाजूचे लोक, म्हणजे मुलांना मोकळे सोडा, व्याकरणाने सर्जन मरते असे म्हणणारे, नेमके इथे चुकतात. येणे आणि हाताशी असणे यांत अंतर आहे. ‘मी पेला फोडला’, ‘माझ्याकडून पेला फुटला’, ‘माझ्या हातून पेला फुटला’, ‘पेला फुटला’: घटना एकच, पण पहिल्या वाक्यात मी कबुली देतो, दुसऱ्या-तिसऱ्यात सबब सांगतो, चौथ्यात मी खोलीतूनच नाहीसा होतो. क्रियापदाची जोडी बदलली की असेच. तो बोलून गेला, बोलून बसला; त्याने बोलून टाकले, बोलून दाखवले. पहिल्यात भान नाही, दुसऱ्यात पश्चात्ताप आहे, तिसऱ्यात सुटका, चौथ्यात हिंमत किंवा खोच. हे सगळे निव्वळ व्याकरण आहे, आणि कथा लिहिणाऱ्याच्या हातात याहून धारदार हत्यार नाही. ज्या मुलाला ‘पेला फुटला’ एवढेच लिहिता येते त्याचे स्वातंत्र्य चार वाक्ये येणाऱ्या मुलाच्या पावपट आहे. मोकळे सोडण्याने ती बाकीची तीन त्याला मिळत नाहीत. कुणीतरी ती शेजारीशेजारी मांडून दाखवावी लागतात. आपल्या व्याकरणाच्या तासाला मात्र कर्तरी, कर्मणी, भावे ओळखा असा प्रश्न येतो आणि ओळखले की तास संपतो. कबुली आणि सबब यांतला फरक तिथे कुणी विचारत नाही.

याला परदेशातल्या संशोधनाचाही आधार आहे, जरी ते इंग्रजीवरचे असले तरी. अमेरिकेत १९६३ मध्ये ब्रॅडॉक, लॉइड-जोन्स आणि शोअर यांनी लेखनविषयक संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा सुटे औपचारिक व्याकरण शिकवल्याने लेखन सुधारत नाही, आणि त्यात लेखनाचा वेळ जात असल्याने तोटाही होऊ शकतो, असा निष्कर्ष काढला. २००७ च्या ग्रॅहम आणि पेरिन यांच्या अहवालातही असेच दिसले. पण त्याच अहवालात लहान वाक्ये जोडून मोठी करण्याच्या सरावाचा फायदा दिसला. तोही व्याकरणाचाच सराव आहे. फरक एवढा की तिथे मूल व्याकरण वापरते. मराठीला हा सराव विशेष मानवतो, कारण आपल्याकडे कृदन्ते भरपूर. ‘पाऊस पडला. नदी फुगली. पूल बुडाला.’ ही तीन वाक्ये मुलांपुढे ठेवावीत. पाऊस पडून नदी फुगली. पाऊस पडत असतानाच नदी फुगली. नदी फुगल्यावर पूल बुडाला. पूल बुडेपर्यंत पाऊस पडत राहिला. प्रत्येक जोडणीत काळाचे आणि कारणाचे नाते पालटते, आणि शेवटच्या जोडणीत तर पाऊस थेट खलनायक होतो. हे खेळून झाल्यावर ‘धातुसाधित’ हे नाव सांगितले तर मूल ते विसरत नाही, कारण नावाआधी वस्तू हातात आलेली असते.

तमिळ परंपरेने ही गोष्ट आपल्याआधी ओळखली होती. तोल्काप्पियम या तिच्या सर्वांत जुन्या उपलब्ध व्याकरणग्रंथाचे तीन भाग आहेत: वर्ण, शब्द आणि आशय. तिसऱ्या भागात प्रेम, युद्ध, डोंगर, समुद्रकाठ, कोणत्या भूमीवर कोणती भावावस्था, हे सारे येते. काय लिहायचे हाही तिथे व्याकरणाचाच विषय आहे. पुढे तेराव्या शतकाच्या सुमारास पवनंदी या जैन मुनीने लिहिलेल्या नन्नूल या व्याकरणाने, काळाच्या ओघात जुने जाणे आणि नवे येणे याला दोष मानू नये, असे सूत्रातच घालून ठेवले. आपल्याकडे दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे व्याकरण १८३६ मध्ये इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर आले, आणि शाळेत वर्ण, शब्दांच्या जाती, वाक्य एवढीच वाट पक्की झाली. मोरो केशव दामल्यांनी १९११ मध्ये ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ लिहिताना प्रत्यक्ष वापराचा केवढा तरी पसारा उलगडला. शाळेने त्यातून व्याख्या उचलल्या आणि पसारा मागे ठेवला. आशयाचे दालन आपल्या व्याकरणात कधी उघडलेच नाही, म्हणून निबंधाचा तास आणि व्याकरणाचा तास वेळापत्रकात वेगळे आणि मुलाच्या डोक्यातही वेगळे.

पापनाशमजवळचे उत्तमदानपुरम हे उ. वे. स्वामीनाथ अय्यरांच्या घराण्याचे गाव. जुने तमिळ ग्रंथ ताडपत्रांतून शोधून छापणाऱ्या या विद्वानाचा जन्म १८५५ चा, तंजावरचे मराठी राज्य संपले त्याच वर्षीचा. नन्नूल आणि छंदःशास्त्र त्यांनी आधी गावोगावच्या जाणत्यांकडून शिकून घेतले होते. तरीही त्यांना घडवले ते महाविद्वान मीनाक्षीसुंदरम पिळ्ळै यांच्या सहवासाने, आणि तिथे मुख्य काम होते ग्रंथामागून ग्रंथ वाचणे आणि गुरू कविता रचून सांगत असताना ती उतरवून घेणे. नियम माहीत असलेल्या विद्यार्थ्याला नियम वापरात कसे वाकतात हे समोर दिसत होते. पुढे १८८० पासून ते कुंभकोणमच्या सरकारी महाविद्यालयात तमिळ शिकवू लागले. आपल्या शिक्षकाला मुलांसमोर लिहिताना, खोडताना, शब्द बदलताना किती मुलांनी पाहिले असेल? फळ्यावर तयार सुविचार येतो, तयार निबंध येतो. बनणारे वाक्य येत नाही.

शेवटचा आक्षेप व्यवहाराचा. साठ मुलांचा वर्ग, परीक्षेचा ठरलेला आराखडा, वह्यांचे गठ्ठे. इतके बारीक पाहायला वेळ कुठून आणायचा? हा आक्षेप मांडणाऱ्या शिक्षकांबद्दल मला आदर आहे, कारण तो आळसातून येत नाही. पण पाच खुणा करायला लागणारा वेळ एक प्रश्न लिहायला लागणाऱ्या वेळेपेक्षा कमी नसतो. ‘आजी का बघत होती?’ एवढे त्या वहीत लिहिले, तर मुलगी आणखी चार वाक्ये लिहील आणि त्या चारांत ‘होती’ तिच्या नजरेसमोर असेल. एका महिन्यात एकच रूढी घ्यावी, म्हणजे या महिन्यात फक्त ‘ण’ आणि ‘न’, आणि वर्गाने एकमेकांच्या वह्या तेवढ्यापुरत्या पाहाव्यात. बाकीच्या खुणा त्या महिन्यात होणारच नाहीत. शिक्षकाने आणि पालकांनी ते सोसले पाहिजे. लिहून झालेला मजकूर भित्तिपत्रकावर लावायचा ठरला, की शुद्धलेखनाला खरे कारण मिळते, कारण आता दुसरे कुणी वाचणार असते. त्या टप्प्यावर कसून तपासावे, काही सोडू नये, आणि आजी बोलत असेल तर तिच्या तोंडचे ‘व्हतं’ मात्र तसेच ठेवावे.

मराठी छपाईच्या आरंभी एक योगायोग घडला आहे. बंगालमधल्या श्रीरामपूरला विल्यम केरीने वैजनाथशास्त्र्यांच्या मदतीने केलेले मराठी व्याकरण १८०५ मध्ये छापले. त्याच सुमारास सरफोजीराजांनी तंजावरला देवनागरी छापखाना काढला, आणि तिथले इसापच्या गोष्टींचे मराठी भाषांतर, ‘बालबोध मुक्तावली’, १८०६ चे मानले जाते. केरी परका होता; त्याला भाषा बाहेरून शिकायची आणि शिकवायची होती, म्हणून त्याने व्याकरणापासून सुरुवात करणे बरोबरच होते. ज्यांची भाषा मराठीच होती त्यांच्या हाती तंजावरने गोष्ट दिली. आपल्या वर्गात मराठी घरची मुले बसतात आणि आपण त्यांना केरीच्या क्रमाने शिकवतो. काही वर्गांत मराठी घरी न बोलणारी मुलेही असतात, कुंभकोणममध्ये असोत की मुंबईत. त्यांच्यासाठी घडणीचे नियम आधी आणि उघडपणे सांगावे लागतील, आणि एका वर्गात दोन्ही तऱ्हेची मुले असतील तर शिक्षकाला दोन क्रम चालवावे लागतील. हे कष्टाचे आहे आणि त्यावर सोपा तोडगा मला दिसत नाही.

पुढची प्रकरणे या विचाराने लावली आहेत. आधी मुलांच्या तोंडची भाषा कागदावर आणण्याचे पाठ येतात, मग वाक्ये जोडण्याचे आणि फिरवण्याचे. त्यानंतर मुद्दाम लावलेली बंधने: ‘आणि’ न वापरता परिच्छेद लिहा, सगळी वाक्ये भूतकाळात लिहा, मोरोपंतांनी निरोष्ठ रामायणात केले तसे ओठ न मिटता वाचता येईल असे एक वाक्य रचा. प्रमाण बोली आणि घरची बोली यांची अदलाबदल त्याच्या पुढे, आणि ऱ्हस्व-दीर्घाचे प्रकरण सर्वांत शेवटी, पण सर्वांत मोठे. ज्यांना ते आधी उघडावेसे वाटेल त्यांनी निदान पहिल्या प्रकरणातला एक तरी पाठ वर्गात करून पाहावा, आणि त्या दिवशीच्या वह्या हातात पेन न घेता वाचाव्यात.